बाराचा भोंगा

भोंगा झाला नाही, हे लाएर्सियोला कानानं कळलं नाही, हातानं कळलं. बाराचा भोंगा वाजला की त्याचं बोट आपोआप कळ दाबून समोरचं काम साठवून ठेवायचं, मग तो चष्मा काढून डोळे चोळायचा आणि उठायचा. हे सगळं त्याला न विचारताच व्हायचं. आज हात आपला टेबलावर तसाच पडून राहिला. आपण काहीतरी विसरलोय, कुणाला तरी कुठंतरी ताटकळत ठेवलंय, असं उगाचच वाटायला लागलं. त्यानं मान वर केली. खोलीतली सगळी माणसं आपापल्या पडद्यात तोंड खुपसून बसली होती. खिडकीबाहेर उसाच्या जाळलेल्या पाल्याची काजळी नेहमीसारखी हलकेच खाली येत होती. मग खात्याची प्रमुख मारिल्दा एकदम ओरडली, "अगंबाई, सव्वाबारा! जेवायला जायचंय का आज आकडेच खायचेत?" सगळे हसले, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी एसी बंद केला. बारा वाजून गेले ते कसं काय कळलं नाही, असं एकानंही विचारलं नाही. लाएर्सियो एकटाच बसून राहिला.

मग त्याला आठवलं. भोंगा त्यानंच तर बंद केला होता. म्हणजे त्यानं काही नळ पिळला नव्हता, वायर तोडली नव्हती. तो होता वित्त-सहाय्य विभागात, ज्याला खाली कारखान्यात सगळे 'टेकू' म्हणायचे. "आला बघा टेकू! सांभाळून, नाहीतर तुमची खुर्चीसुद्धा फुकट जागा खाते म्हणून लिहून घेईल." तो हसायचा. टेकूचं काम एवढंच, की कारखान्यात जे जे काही जळतं, फिरतं, झिजतं, ते कुणाच्या तरी नावावर टाकायचं. उसाचे चरक आणि त्यांचे अजस्र लोखंडी रूळ बनवणारा कारखाना. तिथं वाफेचा फुत्कारसुद्धा कुठल्या तरी खात्याचा असावा लागतो. साओ पाउलोच्या मुख्य कचेरीनं नवा नियम काढला होता: ज्याला मालक खातं नाही, ते बंद. त्यानं प्रामाणिकपणे सगळीकडे विचारून पाहिलं. भोंग्याची वाफ कुणाची? पहारेकरी म्हणाले, बॉयलर-घराची. बॉयलर-घर म्हणालं, छे, आम्ही फक्त साखळी ओढतो, आमचं काय त्यात? कर्मचारी खात्यातली नवी मुलगी म्हणाली, "भोंगा? अय्या, तो आपला आहे? मला वाटलं रेल्वेचा." त्यानं लिहिलं, 'मालक नाही', आणि तक्ता पाठवून दिला. त्या दिवशी त्याला डोकेदुखी होती, आणि आणखी पन्नास गोष्टी होत्या. शनिवारी माणसं आली, भोंग्यापुरताच उरलेला जुना बॉयलर थंड केला, नळी कापली. आज सोमवार होता.

फोन वाजला. घरून नेइदे बोलत होती. शेजारचीच बाई, दिवसभर त्याच्या आईपाशी थांबायची, तिला अंघोळ घालायची, गोळ्या द्यायची. आईला ती दोना झुल्मीरा म्हणायची; वडीलधाऱ्या बाईला दोना आणि पुरुषाला सेउ, अशी गावची पद्धत. "लाएर्सियो, घाबरू नकोस, तसं काही झालं नाही. पण दोना झुल्मीरा फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्यात. ऊन मी म्हणतंय आणि या बाई आत यायला तयार नाहीत. जेवल्याही नाहीत. म्हणतात, आधी कळू दे कुणाचा ते." लाएर्सियोनं विचारलं, "कुणाचा काय?" पण कुणाचा काय ते त्याला ठाऊक होतं. या गावात जन्मलेल्या, त्याच्या वयाच्या कुणालाही ठाऊक असायला हवं होतं. कारखान्यात माणूस दगावला की त्या दिवशी बाराचा भोंगा वाजवायचा नाही, ही रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, कुणी ठरवलेलीही नव्हती. बारा वाजून जायचे, चुलीवरचा काळा घेवडा रटरटत असायचा, आणि हवेत काहीच यायचं नाही. मग गल्लीतल्या सगळ्या बायका ओल्या हातांनीच फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. कुणी कुणाशी बोलायचं नाही. कचेरीतला माणूस येईपर्यंत, तो कुठल्या फाटकाशी थांबतो ते दिसेपर्यंत, सगळ्याजणी आपापल्या घरच्या माणसाला मनातल्या मनात घट्ट धरून उभ्या असायच्या. पुढं यंत्रं सुधारली, माणसं मरायची थांबली, उंच इमारतींमधले नवे लोक सकाळच्या भोंग्यानं झोपमोड होते म्हणून तक्रारी करायला लागले. होता होता एकटा बाराचा तेवढा उरला. रीत मात्र फक्त जुन्या बायकांच्या अंगात राहिली. आणि त्याच्या आईच्या अंगात आता दुसरं काही फारसं शिल्लकच नव्हतं. वर्षभरात तिच्या डोक्यातून नावं गेली होती, महिने गेले होते, स्वतःचं घर कुठलं तेही मधूनमधून जायचं. राहिला होता तो बाराचा भोंगा. तो झाला की ती म्हणायची, "चला, येईल आता," आणि ताटं मांडायची. कोण येईल, हे नेइदे विचारत नसे. ताट मांडलं की आई जेवायची आणि दिवस पार पडायचा. लाएर्सियोनं ही गोष्ट नेइदेच्या तोंडून किती वेळा ऐकली होती! ऐकून हसलाही होता. आणि तक्ता भरताना ती त्याला आठवली नाही. अशी कशी आठवली नाही? हे त्याला स्वतःलाच समजेना, आणि त्याची त्याला भीती वाटली.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा आई खिडकीत बसली होती, हात मांडीवर ठेवून. पाय सुजले होते. "आई, कुणाला काही झालेलं नाही. भोंगा बंद पडलाय, एवढंच." तिनं त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं. "भोंगा कसा बंद पडेल? साखळी ओढायला ओतासिल्यो आहे ना तिथं." "सेउ ओतासिल्योंनाच सांगितलं गं, वाजवू नका म्हणून. खर्च वाचवायला." "खर्च?" ती म्हणाली, हा शब्द कधी ऐकलाच नसल्यासारखी. मग त्याच्या हातावर थोपटून म्हणाली, "तुम्हाला सांगायला जड जातंय, ते कळतंय मला. पण बाईमाणसाला फार वेळ असं उभं करू नये." लाएर्सियो स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला.

बाप गेला त्या दिवशीही असंच ऊन होतं. त्याला तो दिवस आठवायचा नसे. तो दिवस आठवला की बाप आठवत नसे, अंडी आठवत. शाळा सुटून तो उड्या मारत घरी आला होता. गल्लीतल्या बायका फाटकांशी उभ्या होत्या आणि तो जवळून जाताना एकेक जण आत वळत होती, हे त्यानं पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. घरात मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आत कचेरीतले सेउ गुमेर्सिंदो बसलेत, हॅट मांडीवर ठेवून, हे त्याला नंतर कळलं. आई म्हणाली, "हात धू." तिनं भात वाढला, घेवडा वाढला, कोबीचा पाला परतलेला, मंडिओकाच्या कंदाचं भाजलेलं पीठ, आणि वर दोन अंडी तळून घातली. दोन! दोन अंडी फक्त वाढदिवसाला मिळायची. तो हरखून गेला. पिवळं भातात कालवून, बोटं चाटून तो जेवला. वर्गातल्या मास्तरांची नक्कल करून दाखवली. आणखी भात मागितला. आई समोर बसून होती. ती हसलीसुद्धा होती त्या नकलेला. "झालं पोटभर?" तिनं विचारलं. "हो," तो म्हणाला आणि ढेकर दिली. "मग तोंड पूस आणि इकडे ये." आणि मग तिनं सांगितलं. साखळी तुटली, रूळ घसरला, बाबा खाली होते. तो मोरीत जाऊन सगळं ओकला. ती ओकारी त्याच्या अंगातून कधी गेलीच नाही. बाप चिरडून पडला होता आणि मी अंडी खाऊन आणखी भात मागत होतो, नकला करत होतो, आणि ही बाई सगळं ठाऊक असून माझ्या ताटाकडे बघत बसली होती. हसली होती! तेव्हापासून त्यानं अंड्याला हात लावला नव्हता. तिला त्यानं कधी काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. कारखान्यानं त्याला शिकवलं. तिनं हट्टानं त्याला लोखंडाच्या बाजूला जाऊ दिलं नाही, कचेरीत पाठवलं. तो नीट वागला, पगार घरात दिला, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं, तिच्यासाठी नेइदे ठेवली. माया केली म्हणायची तर केली. पण तिच्या हातचं जेवताना तो नेहमी खाली ताटाकडे बघून जेवायचा, तिच्याकडे नाही. ही सवय तिच्या लक्षात आली असेल का? आता विचारून उपयोग नव्हता.

मंगळवारी आई पुन्हा फाटकाशी गेली. बुधवारीही. आदल्या दिवसाचं तिला काही आठवत नव्हतं. तिच्यासाठी रोज नव्यानं बारा वाजत होते आणि रोज नव्यानं कुणीतरी मेलं होतं. बुधवारी नेइदेनं तिला खुर्ची नेऊन दिली तर ती बसेना. बसून कसं चालेल, म्हणाली. नेइदेनं आपल्या मुलाच्या फोनमध्ये कुठलासा भोंगा शोधून काढला आणि बाराला स्वयंपाकघरातून वाजवला. आई वळली, क्षणभर तिचा चेहरा उजळला, आणि मग ती नेइदेवरच उखडली. "हा तुझ्या खिशातला भोंगा! मला काय खुळी समजतेस? माझ्या माणसाच्या जिवाची थट्टा करतेस होय गं?" नेइदे रडकुंडीला आली. तिनं न राहवून खरं ते सांगून टाकलं, की दोना झुल्मीरा, तुमचे अनेझियो जाऊन तीस वर्षं झाली. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तसं असेल तर कचेरीतला माणूस येऊन सांगेल. तू कशाला सांगतेस?" आणि पुन्हा फाटकाशी गेली. "ती जेवत नाही रे," नेइदे फोनवर म्हणाली. "पाणी कसंबसं पिते. अशानं ही बाई उभ्या उभ्या जाईल. तुमच्या त्या कारखान्याला सांग ना काहीतरी!"

तो मारिल्दाकडे गेला. भोंगा परत सुरू करता येईल का, म्हणून विचारलं. तिला आधी ते विनोदी वाटलं. "कुणाच्या नावावर टाकू?" "माझ्या." "म्हणजे टेकूच्या? वित्त-सहाय्य विभाग दुपारी भोंगा वाजवतो, असं साओ पाउलोला कळवू? अरे, तूच तर लिहिलंस मालक नाही म्हणून." मग त्याचं तोंड बघून तिनं दार लावलं. त्यानं सगळं सांगितलं. अंडी सोडून सगळं. मारिल्दा वाईट नव्हती. ती बराच वेळ पेनाचं टोपण उघडमीट करत राहिली. "तुझं खातं लावून सुरू केला असता रे, शपथ. पण बॉयलर गेला. काल ट्रकमधून तुकडे गेले त्याचे. आता वाफच नाही, तर वाजवणार काय?" तरी तो खाली उतरला, बॉयलर-घरात गेला. सेउ ओतासिल्यो रिकाम्या चौथऱ्यावर बसून सिगारेट वळत होते. चौथऱ्याच्या विटा अजून कोमट वाटल्या, का त्याला तसा भास झाला. "या, टेकूसाहेब," म्हातारा म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागलं. "तुझ्या बापाच्या दिवशी मीच होतो इथं. साखळी हातात घेतलेली. फोरमन धावत आला, म्हणाला, ओतासिल्यो, सोड. वाजवायला काही लागत नाही रे पोरा, पण हात आखडून धरायला फार लागतं." त्यानं काडी ओढली. "झुल्मीरा कशी आहे?"

गुरुवारी तो बारा वाजायच्या थोडं आधीच उठला. मारिल्दाला नुसती मान हलवली. तिनंही मान हलवली. घर जवळच होतं, पण या वेळी या रस्त्यानं तो कित्येक वर्षांत चालला नव्हता. रस्ता ओळखीचा आणि रिकामा होता. फाटकांच्या जागी आता लोखंडी सरकती दारं आली होती, बायका कामाला गेल्या होत्या, भिंतीमागून एखादं कुत्रं भुंकायचं. कुणाच्याही घरून फोडणीचा वास येत नव्हता. तो पांढरा शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून, बगलेत कागदांची पिशवी धरून चालत होता, आणि चालता चालता त्याला आपल्याच बुटांचा आवाज नकोसा व्हायला लागला. हा आवाज त्यानं ऐकलेला नव्हता, तरी ओळखीचा होता. सेउ गुमेर्सिंदो असेच आले असतील. त्यांनाही आपलं पाऊल असंच ऐकू आलं असेल आणि वाटलं असेल, हा रस्ता जरा लांब असता तर बरं झालं असतं. गल्लीच्या टोकाला, सगळ्या बंद दारांमध्ये एकच जुनं लाकडी फाटक होतं आणि त्याच्यामागं त्याची आई उभी होती. तिनं स्वच्छ झगा घातला होता, केस विंचरले होते. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या शर्टाकडे, पिशवीकडे बघत होती, आणि तो पुढं जातो का थांबतो तेवढंच बघत होती. पुढं जावं, असं त्याला खरोखर वाटलं. जर तो तसाच फाटकावरून पुढं निघून गेला, तर आजच्यापुरती तरी ती सुटेल. पण उद्या? त्याचे पाय थांबले.

"कचेरीतून आलात," ती म्हणाली.

"हो."

"माझाच?"

तीन दिवस नाही म्हणून झालं होतं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "हो, दोना झुल्मीरा. अनेझियो गेले."

तिनं फाटकाची फळी दोन्ही हातांनी धरली. डोळे मिटले. तिच्या तोंडून आवाज आला नाही, फक्त छाती मोठ्यानं वरखाली झाली, आणि मग हळूहळू, कितीतरी दिवसांनी खांदे खाली आले. दारात नेइदे तोंडाला पदर लावावा तसा हातातला पंचा लावून उभी होती. "आत या," आई म्हणाली. "उन्हात उभे राहू नका. तुमचा काय दोष त्यात?" ती त्याचा दंड धरून त्याला आत घेऊन गेली. दारातच एकदम थबकली, त्याच्या कानाशी तोंड आणून घाईघाईनं म्हणाली, "एक करा. पोराला इतक्यात काही बोलू नका. येईल तो आता शाळेतून. आधी त्याला जेवू द्या."

"का?" त्यानं विचारलं. तीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते त्यानं परक्या माणसाच्या आवाजात विचारलं. "का जेवू द्यायचं आधी?"

"अहो, मग कधी जेवणार तो?" ती त्याच्यावर चिडलीच. "एकदा कळलं की घास उतरायचा नाही त्याच्या घशाखाली. चार दिवस नाही, आठ दिवस नाही. लहान आहे हो! तेवढं एक जेवण तरी त्याला बाप असताना जेवू द्या."

"तो रागावेल तुमच्यावर. जन्मभर रागावेल."

"रागावू दे," आई म्हणाली. "जेवलेला तर असेल ना?"

तिनं गॅस पेटवला. नेइदे पुढं झाली, तिला लाएर्सियोनं हातानंच थांबवलं. म्हातारी कढई ठेवते, तेल घालते, एक थेंबही सांडत नाही. तो बघत होता. तिनं एक अंडं फोडलं. मग थोडा विचार करून दुसरं. तळणीचा वास आला आणि त्याच्या तोंडाला जुनं पाणी सुटलं, ओकारीच्या आधीचं. तो टेबलाशी बसला. कागदांची पिशवी त्यानं खाली ठेवली, गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं. ती ताट घेऊन वळली, त्याला बसलेला पाहिलं, आणि तिचा चेहराच बदलला. सगळं दुःख कुठल्या कुठं आत सारून ती हसली.

"आलास? हात धुतलेस का?"

"धुतो," तो म्हणाला, उठला, नळाखाली हात धरले. ते पुसायचं त्याला सुचेना. ओल्या हातांनीच येऊन त्यानं अंड्याचं पिवळं फोडलं, भातात कालवलं आणि पहिला घास घेतला. तो गिळायला फार वेळ लागला. आई समोर बसली होती. या वेळी त्यानं ताटाकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. ती त्याचा प्रत्येक घास डोळ्यांनी मोजून आत घालत होती आणि टेबलाखाली तिचे दोन्ही हात एकमेकांना आवळून धरत होते. हे त्यानं तेव्हा पाहिलं नव्हतं.

"तूही घे ना दोन घास," तो म्हणाला. "एकट्याला जात नाही मला." तिला नाही म्हणता येईना. तिनं त्याच्याच ताटातला थोडा भात घेतला, खाल्ला. मग आणखी थोडा. नेइदे दाराशी मान फिरवून रडत होती. ताट रिकामं होत आलं. आईनं हात पुसले, एक मोठा श्वास घेतला, खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"झालं पोटभर?" तिनं विचारलं.

"नाही आई," लाएर्सियो म्हणाला आणि ताट पुढं केलं. "अजून थोडं वाढ."